नळाचं पाणी

मुलीच्या लेन्स मी आळसाने, दिलेल्या औषधी द्रावणाऐवजी, नळाच्या पाण्यात धुतल्या. रात्री घालून झोपायचं, सकाळी काढायच्या, की दिवसभर चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं, अशा त्या लेन्स. धरमपेठेतल्या दवाखान्यात त्या देणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र जाड भिंगांचा चष्मा. दर खेपेला तो आधी आमचे हात हुंगायचा, साबण लावलाय का बघायला. मग विचारायचा, "काका, नळाचं पाणी तं नाही ना लावलं?"

मी छातीठोकपणे नाही म्हणायचो.

मुलीचा डोळा लाल झाला, तेव्हा मी सगळ्यांदेखत त्याच्यावरच ओरडलो. डॉक्टरबाई बाहेर आल्या. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मीच बरोबर समजावलं नसन."

बाई औषध लिहू लागल्या.

"थांबा," मी म्हणालो, "नळाचं पाणी मीच लावलं होतं." मग त्याच्याकडे वळलो. "खोटं बोललो गा मी. माफ कर मले."