ओलं तेल
जवसाच्या तेलाचा वास आला की मला अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलातलं ते ओंडक्यांचं जुनं घर आठवतं. ऐंशीच्या दशकात, सरकारी नोकरीत असताना, आम्ही ते 'मूळ रूपात' आणत होतो. कसलं मूळ रूप! रस्ता नव्हता, सामान होडीतून यायचं आणि डास नुसते फोडून काढायचे. आम्ही कुजलेले ओंडके बदलले, भिंतींना तेल चोपडलं आणि मागचं स्वयंपाकघर पाडलं, कारण ते नंतर जोडलेलं होतं. तसा शेरा मीच मारला होता. एक दिवस त्याच घरात वाढलेली एक म्हातारी होडीतून आली. "आईचं किचन कुठंय?" तिने विचारलं. "ते ओरिजिनल नव्हतं," मी ऐटीत सांगितलं. "मग मीही नाही," म्हणत तिने भिंतीला हात लावला. "प्लीज, हात लावू नका, तेल ओलं आहे," मी म्हणालो. ती हात मागे घेऊन होडीकडे गेली. परवा मुलाने, त्याच्या आईने तीस वर्षं वापरलेलं आमचं स्वयंपाकघर तोडून तिथे नवा लाकडी ओटा घातला. ती जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. मी ओट्यावर हात टेकवला. "बाबा, डोन्ट टच," तो म्हणाला, "ऑइल स्टिल वेट आहे."