पाखाडीवरचा कॅमेरा

आमच्या वाडीत कॅमेरा आणला तो मी. लावला चाकरमान्यांनी, पण अर्ज माझ्या हातचा, अक्षर माझं. त्यामुळे आता कुणी काहीही म्हणालं तरी मला तोंड वर करून बोलायची सोय राहिलेली नाही.

एसटीच्या थांब्यापासून वाडीपर्यंत पाखाडी आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा, पंधरा मिनिटांची चाल. बागांचे मालक रत्नागिरीत राहतात. आंब्याच्या दिवसांत राखणदार असतो, एरवी तिथे चिटपाखरू दिसायचं नाही. मी काजूच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि माझी धाकटी जाऊ शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये. ती कोर्स केलेली, मशीन चालवणारी, पांढरा कोट घालणारी. आमच्या घराण्यात असा कोट कुणी घातला नव्हता. लग्न ठरताना दिराने नोकरीला हो म्हटलं होतं, पण अट घातली होती की सातच्या आत घरात. दीर मुंबईला, माझा नवरा मुंबईला. वाडीत उरतात ती म्हातारी माणसं, पोरं आणि आम्ही बायका.

पाखाडीच्या वळणावर एक माणूस येऊन उभा राहायला लागला. गाडी खाली रस्त्यावर लावायचा आणि वर येऊन थांबायचा. आधी नुसता बघायचा, मग काहीबाही बोलायला लागला, मग एक दिवस बारावीतल्या मुलीची ओढणी ओढली. आम्ही पोलीसपाटलांकडे गेलो. ते म्हणाले, गाडीचा नंबर टिपून आणा. तिन्हीसांजेला, जीव मुठीत धरून पळताना नंबर कसा टिपायचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग बचत गटाच्या बैठकीत ठरलं की पाखाडीवर दोन दिवे मागायचे. आमच्याकडे वाडीचं काहीही करायचं तर ते मुंबईचं मंडळ करतं. देवळाचं छप्पर असो की पाण्याची टाकी, निर्णय होतो तिकडे, कुणाच्या तरी खोलीत बसून. मंडळात घरटी एक नाव आणि ते पुरुषाचं. बायकांच्या नावाने अर्ज चालणार नाही असं आम्हाला कुणीही म्हणालं नव्हतं. कुणी म्हणजे कुणी नाही! आमचं आम्हीच धरून चाललो. गटाची सचिव मी, म्हणून कागद पुढ्यात घेतला आणि अकरा जणींचे अकरा नवरे एका दुपारीत लिहून काढले. बायका हसत होत्या, एरवी उखाण्याशिवाय नाव घेत नाहीस आणि आज बघा म्हणे. त्या अकरांपैकी एकाने तरी ती पाखाडी संध्याकाळी चढलेली मला आठवत नाही.

दिवे आले नाहीत. गणपतीत आला तो कॅमेरा. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, दिव्यांचं काय घेऊन बसलात वहिनी, याला अंधारातही दिसतं. त्याला दिसतं हो, पण पायऱ्या आम्हाला उतरायच्या आहेत ना? हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. तेव्हा मी हसत हसत वळणावरच्या खांबाला हार घातला आणि पेढे वाटले. कॅमेऱ्यातलं दिसणार कुणाला, तर ज्यांनी अर्ज केला त्यांना. म्हणजे अकरा पुरुषांच्या मोबाइलवर. आमच्यापैकी एकीच्याही नाही.

तो माणूस वळणावरून गेला, हे खरं. पहिला महिना आम्ही देवाला साखर ठेवली. मग नवऱ्याचा फोन आला की आज हातातल्या पिशवीत काय होतं. दुसऱ्या दिवशी, थांबून कुणाशी बोलत होतीस. मग गाडी सव्वासहाला येते तर तू पावणेसातला कशी दिसलीस. मी भडकले. म्हटलं तिकडे काम करता की माझ्या पायऱ्या मोजता? तो बिचारा ओशाळला. आठ जण एका खोलीत राहतात, ड्यूटीवरून आले की मालिका बघितल्यासारखी पाखाडी लावून बसतात. म्हणाला, "तुला चालताना बघितलं की बरं वाटतं गो." राग यायचा आणि तो काढायलाही जागा नाही. पंधरा मिनिटांची ती वाट दिवसातली माझी एकटीची होती. कारखान्यात सुपरवायझर, घरी सासू, मध्ये तेवढाच श्वास. आता त्या वळणावर आलं की पदर सारखा करायचा, फोनवर बोलत असेन तर बंद करायचा, चेहरा सरळ ठेवायचा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली.

जावेचे हाल याहून वाईट. लॅबमध्ये काम वाढलं की तिची गाडी चुकायची आणि शेअर रिक्षाने येईपर्यंत सव्वासात व्हायचे. दहा मिनिटांत दिराचा फोन. दोनदा त्याने नोकरी सोडायची भाषा केली. तेव्हा तिने दुसरी वाट धरली. बागांच्या मागून पऱ्या जातो, पावसात वाहणारा आमचा ओढा, शिमग्याच्या सुमाराला कोरडा ठणठणीत. त्यातल्या दगडगोट्यांवरून चाललं की थेट घराच्या परसात निघता येतं. कॅमेऱ्यात आली नाही तर आली कधी हेही कळत नाही. फोन आला की सांगायचं, केव्हाचीच आलेय, घाईत तुम्हाला दिसले नसेन. मला ठाऊक होतं. मी तिला अडवलं नाही, उलट सासूबाईंपुढे सावरून घेतलं.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी, तो माणूस तिला पऱ्यात भेटला. तोच. तोही कॅमेरा चुकवूनच तिथे आला होता. त्याने तिचं मनगट धरलं, तोंडावर हात दाबला. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि चप्पल तिथेच टाकून धावत सुटली. दुसऱ्या दिवशी थांब्यावर तिने बाही वर करून मला दाखवलं. चार बोटं उमटली होती. मी म्हटलं पोलिसात जाऊ, आज कारखान्याला दांडी मारते. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, तुमच्या पाया पडते, कुणाला सांगू नका. तिकडून का आलीस, हेच आधी विचारतील. मग माझी नोकरी गेली म्हणून समजा."

मी शब्द दिला आणि आठ दिवस धुमसत राहिले. सांगावं तर हिची नोकरी जाते, न सांगावं तर उद्या तो दुसऱ्या कुणाला गाठतो. भाकरी थापताना, काजू भरताना तेच.

शिमग्याला चाकरमानी आले. पालखी घरोघर फिरून सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच वाडीची सभा भरते. पुरुष पुढे सतरंजीवर, आम्ही मागे कडेला. अध्यक्षांनी वर्षाचा अहवाल वाचला. कॅमेरा लागल्यापासून पाखाडीवर एकही प्रकार घडलेला नाही, म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग म्हणे ज्यांनी पुढाकार घेतला त्या आमच्या वहिनींचा सत्कार. मला उठवून पुढे नेलं, हातात नारळ दिला, खांद्यावर शाल घातली.

एकही प्रकार नाही! माझ्या डोक्यात सणक गेली. मी जावेकडे बघितलं असतं तर कदाचित गप्प बसले असते. मी बघितलं नाही. तो नारळ हातात घेऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं की प्रकार घडलाय, पऱ्यात घडलाय, आपल्याच वाडीतल्या बाईवर त्याने हात टाकलाय. आणि बायका पऱ्यातून का जातात ते ऐकायचं असेल तर तुमचा कॅमेरा चुकवायला जातात. आम्हाला दिवे हवे होते, दिवेच द्या. नाव मी घेतलं नाही. मला वाटलं, मोठं शहाणपण केलं.

मग मोबाइलमधलं कळणारा एक चुलतदीर सहजपणे म्हणाला, "कुठल्या दिवशी, वहिनी?"

मी मूर्ख, बोलून गेले, मागच्या आठवड्यात, मंगळवारी.

त्याने मोबाइल काढला. महिनाभराचं सगळं त्यात साठलेलं असतं, हे मला कुठे माहीत? त्याने मंगळवारची संध्याकाळ काढली आणि बोटाने पुढे सरकवत राहिला. शेजारचे चारजण त्यात डोकावले. सहा चाळीसला मी एकटी आले होते. सात वाजले, साडेसात झाले, पुढे पाखाडी मोकळीच. संध्याकाळी त्या वाटेने येणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्या पाचच्या आत घरी असतात. नाव कुणीच उच्चारलं नाही, पण माना एकेक करून मागे वळल्या. जाऊ बायकांच्या कडेला कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली ती वर केली नाही. दीर उठून सहाणेवरून खाली उतरला.

कॅमेऱ्याला तो माणूस सहा महिन्यांत सापडला नाही, ही दोन मिनिटांत सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? तो कसा दिसतो, गाडी कुठली, हे त्या सतरंजीवरच्या एकानेही विचारलं नाही. चर्चा झाली ती पऱ्यावर दुसरा कॅमेरा लावायची, आणि तो एकमताने मंजूर झाला. दिव्यांसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं ठरलं. ते लिहायचं कामही माझ्याकडेच दिलं.

त्या रात्री मी दिराला समजवायला गेले. चूक माझी आहे, शब्द मी मोडला, तिला शिक्षा नको, असं सगळं म्हटलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. शांतपणे म्हणाला, वहिनी, तिच्या जिवापेक्षा नोकरी मोठी आहे का? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की तो तिला वाचवतोय.

सकाळी मी डबा भरून निघाले तेव्हा जाऊ अंगणात कपडे वाळत घालत होती. लॅबला फोन करून झाला होता, आजपासून येत नाही म्हणून. मी जवळ गेले, म्हटलं मी तुझ्यासाठीच बोलले गो. तिने हातातला कपडा झटकून दोरीवर टाकला, चिमटा लावला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या माणसाच्या हातातून मी सुटून आले होते, ताई."