पडवळाची वाटी

हाताने घास भरवला की जगातला कोणताही जीव आपला होतो, या एका श्रद्धेवर आमच्या शेजारच्या काकूंनी नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातली सगळी वर्षं काढली. टपाल घेऊन येणाऱ्या उंच डच बाईच्या तोंडात त्यांनी दारातच बेसनाचा लाडू घातला होता. माझी मुलगी पोट भरल्याचं डचमध्ये सांगायची आणि काकूंना तेवढं एकच डच वाक्य कळत नसे.

जवळच्या आयंडहोवन शहरात मराठी इंजिनिअर भराभर येत होते, त्या वर्षांत काकूंनी प्राण्यांच्या आश्रयगृहातून एक फेरेट आणला. मुंगसाच्या चुलतभावासारखा दिसणारा, लांबट. म्हणून नाव पडवळ. चावतो म्हणून दोन घरांनी तो परत केला होता, आणि तिसऱ्यांदा परत आला तर त्याला घर मिळणं अवघड, असं तिथल्या लोकांनी बजावलं होतं. शिक्षिका असलेल्या काकूंनी ते वर्गातल्या नापास मुलाचं घ्यावं तसं मनावर घेतलं. चावला तरी त्या हात ओढून घेत नसत, कारण हात ओढला की त्याला खेळ वाटतो. एकदा पडवळ बोटाला लोंबकळत असताना त्यांनी मला थालीपिठाची भाजणी शेवटपर्यंत सांगितली. मग त्याला अलगद पिंजऱ्यात ठेवून पाच मिनिटं पाठ फिरवून बसल्या. एक चापट दे, असं काका म्हणाले, तर त्यांना ऐकावं लागलं, "तीस वर्षं वर्गात छडी उचलली नाही मी."

तरी तो चावेच. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या बोटांचा वास घेतला आणि याला कसं भरवता, असं विचारलं. जन्मभर शाकाहारी असलेल्या काकू नाकाला पदर लावून कोंबडी उकडत आणि तुकडा तुकडा हाताने भरवत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा हात म्हणजे त्याचं ताट झालंय."

दुसऱ्या दिवसापासून वाटी आली. पडवळ जेवत असताना त्या स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसत. मला म्हणाल्या, "तो शिकेल गं. हे हात शिकायला हवेत." तीन महिन्यांनी त्याने त्यांचं बोट दातांत धरलं, थोडा विचार केला आणि चाटून सोडून दिलं.

शेवटच्या आजारात काकूंना हात उचलवेनासे झाले. इस्पितळात मी मऊ भाताचा घास पुढे केला, तर माझ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "जपून हो. मी चावते."

पडवळ आता माझ्याकडे असतो. म्हातारा झालाय. सकाळी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा माझ्या बोटांत येतो, हात आपोआप त्याच्या तोंडाकडे निघतो, आणि मी तो वाटीकडे वळवते. काकूंना तीन महिने लागले होते. मला जास्त लागतील, पण जमेल.