पंपखोलीचं बंद दार

किल्लीबाईचं आणि पंपवाल्या काकांचं काहीतरी शिजतंय, ही बातमी आमच्या इमारतीत पाण्याच्या आधी वरच्या मजल्यावर पोचली. दर गुरुवारी दुपारी दोघं तळघरातल्या पंपखोलीत शिरायची आणि आतून कडी. तासाभराने किल्लीबाई बाहेर यायची ती घामाघूम, केस विस्कटलेले. एवढं दिसल्यावर कुणाची जीभ गप्प बसेल? माझी तर मुळीच बसली नाही.

किल्लीबाई आमच्या भाड्याच्या घरांच्या संस्थेत मदतनीस. एकशेचाळीस घरांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. एकट्या म्हाताऱ्यांना औषध देणं, पडलेल्याला उचलणं, घरात एकट्याने गेलेल्याचं दार उघडणं, सगळं तिच्याच गळ्यात. काका 'तांत्रिक', म्हणून पगार तिच्या दीडपट. तांत्रिकमध्ये आजवर एकही बाई नव्हती.

काका निवृत्त होणार म्हटल्यावर तिने त्या जागेसाठी अर्ज केला. घरी आई अंथरुणाला खिळलेली. पगार वाढला की दिवसा आईजवळ बसायला माणूस ठेवता येणार होता.

मुलाखतीत काय झालं ते शिपायाने मला मीठमसाला न लावता सांगितलं, म्हणजे बघा.

"पंपातलं तुम्हाला काय कळतं, बाई?" साहेब म्हणाले.

"सगळं. सहा वर्षं मीच दुरुस्त करतेय. काकांना विचारा."

काकांना बोलावलं. दुरुस्तीच्या नोंदवहीत पानोपानी त्यांचीच सही. साहेब गालात हसले. "काय हो काका, मग गुरुवारी आत काम चालायचं की भलतंच?"

काकांनी मान खाली घातली. "जाऊ द्या ना साहेब. म्हातारपणी कशाला लाज काढता?"

"काका," ती म्हणाली, "साहेबांना हात दाखवा तुमचे."

काकांनी हात खिशात घातले.

जागा बाहेरच्या एका माणसाला मिळाली. कुठला व्हॉल्व्ह कुठे, हे तो अजून तिलाच विचारतो. पुढच्या हिवाळ्यात तिची आई गेली. भरदुपारी, एकटी. ते दारही किल्लीबाईनेच उघडलं.

पंपखोलीत काही शिजत नव्हतं. काकांचे हात कापायचे, पाना धरवत नसे. ते स्टुलावर बसून सांगायचे, ती दुरुस्त करायची, सही ते करायचे. जाताना तुझं नाव पुढे करीन, असा त्यांनी शब्द दिला होता. खरं सांगितलं असतं तर त्यांचं पेन्शन अडकलं असतं. दार लावायचे ते पंपाचा आवाज वर येऊ नये म्हणून.