दोरीपलीकडचा आवाज

आमच्या भागात त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दवाखान्यामागच्या गल्लीत, छापखान्याच्या वर, त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत आणि कवळीवाले त्यांवरून कवळ्या बनवून परत धाडत. खिडकीशी लांब टेबल, त्यावर मेणाच्या पट्ट्या, एक छोटा बर्नर, हिरड्यांसाठीच्या गुलाबी भुकटीचा डबा. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने आडनाव. आत शिरलं की आपण बोलण्याआधीच कुणीतरी बोलायचं थांबलंय, असं वाटायचं.

माझी त्यांची ओळख सासूबाईंच्या कवळीमुळे झाली. ती मधोमध दुभंगली होती.

"पडली का?" त्यांनी विचारलं.

"पडली नाही, फेकली. माझ्यावर."

ते हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. बोलायचेही इतकं हळू की समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागे. कवळी उजेडात धरून ते म्हणाले, "सांधण्यात अर्थ नाही, नवीच करू. पण त्यांना सांगून ठेवा, नवी घातली की पहिले काही दिवस आपलाच आवाज परका वाटतो. एका आजोबांनी तर परत पाठवली. म्हणाले, ही घातली की माझा थोरला भाऊ बोलतो. भाऊ जाऊन कैक वर्षं झालेली."

"मग?"

"मग काय, मागून थोडी घासून दिली. भाऊ गेला."

पुढे त्यांची मुलगी आमच्या क्लबात फुटबॉल खेळायला आली आणि दर रविवारी गाठ पडू लागली. क्लबचा खजिनदार मी, कारण वाणिज्य शाखेचा माणूस दिसला की लोक त्याच्या गळ्यात खजिना बांधतात. शिवाय माझी पुतणी बारा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गोलकीपर होती. कवळीवाल्यांची मुलगी मधल्या फळीत खेळायची. अंगाने काडी, पण कुठूनही आरपार निघायची, म्हणून सगळ्या तिला टाचणी म्हणत. तिची आई रुग्णालयात परिचारिका. रविवारीही तिची पाळी असायची, त्यामुळे मैदानावर यायचे ते वडीलच.

मैदानाच्या कडेला मात्र हा माणूस ओळखू येत नसे. मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या, चेहरा विटेच्या रंगाचा व्हायचा आणि आवाज असा घोगरा फुटायचा की समोरच्या इमारतीतल्या बाया गॅलरीत यायच्या.

"टाचणे! झोपलीस का? पळ! लाज आहे का काही? अगं मेलीस का तिथेच?"

प्रत्येक ओरडण्याच्या शेवटी एक कोरडं हसू यायचं, हॅ करून, घशात खडा अडकल्यासारखं. मी एकदा म्हटलं, "अहो, पोरगी चांगली खेळतेय की."

"आठवडाभर लोकांची तोंडं बनवतो," ते म्हणाले, "माझं तोंड रविवारीच उघडतं. असू द्या."

एकट्या त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. माझा धाकटा भाऊ मोटार ड्रायव्हिंगचे क्लास चालवतो. तो गोलमागे उभा राहून पोटच्या पोरीला, म्हणजे माझ्या त्या पुतणीला, शिकाऊ ड्रायव्हरसारखा झापायचा. "डोळे! डोळे कुठायत तुझे? समोर बघ!" बाकीचे आईबापही कमी नव्हते. कुणी पंचाची अक्कल काढायचं, कुणी दुसऱ्याच्या मुलीचं वजन काढायचं. एका रविवारी ऑफसाइडवरून दोन बापांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. तेव्हा माझी पुतणी गोल सोडून चालत आली आणि मैदानाच्या मध्यभागी दोन्ही कानांवर हात ठेवून बसली. सामना तिथेच संपला.

आमच्या कोचबाई शाळेत गणित शिकवायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी कडेपासून दहा पावलांवर दोरी बांधली आणि सगळ्या पालकांना जमवलं.

"येत्या रविवारी कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. टाळीसुद्धा नको. एकदा आवाज आला तर ताकीद. दुसऱ्यांदा पालक फाटकाबाहेर. तिसऱ्यांदा मुलगी मैदानाबाहेर."

"आणि शिंक आली तर?" माझ्या भावाने विचारलं.

"शिंकेला माफी. पण शिंकताना डावीकडे पळ असं ऐकू आलं तर नाही."

सगळे हसले. कवळीवाले हसले नाहीत, कारण बाईंनी त्याआधीच आणखी एक गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या निवासी अकादमीचे निवडकर्ते त्याच सामन्याला येणार होते. दोन्ही संघांतून मिळून एकच मुलगी घेणार होते. तिथलं वसतिगृह, तिथली शाळा, तिथलं हिरवंगार मैदान. कवळीवाल्यांनी त्या मैदानाचा फोटो टेबलाजवळ, जबड्यांच्या खाली चिकटवला होता. आता पोरीचं निवडलं जाणं त्यांच्या गप्प बसण्यावर आलं होतं.

त्या रविवारी कोचबाईंनी दोरीशी उभ्या प्रत्येकाच्या हातावर लिंबाची एक गोळी ठेवली. "चघळत बसा. तोंडाला काम राहील."

सामना सुरू झाला. मैदान मी इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं. बुटांचा दडदड आवाज, चेंडूचा ठप्प, मुलींचे श्वास. आणि एक विचित्र गोष्ट दिसली. चेंडू पायात आला की मुली आधी दोरीकडे बघायच्या. तिकडून काहीच आलं नाही की क्षणभर जागच्या जागी उभ्या राहायच्या, चावी संपलेल्या खेळण्यांसारख्या. टाचणीनेही दोनदा मान वळवली. कवळीवाले माझ्या शेजारीच होते. त्यांनी दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. गालात गोळी, ओठ मिटलेले.

तिसऱ्या वेळी टाचणीच्या पायातून चेंडू निसटला, आणि आवाज आला.

"झोपलीस का? लाज आहे का काही? हॅ."

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी कवळीवाल्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, डोळे विस्फारून. कोचबाईंनी लांबूनच एक बोट वर केलं. कवळीवाल्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली आणि तोंड उघडून जिभेवरची गोळी दाखवली, डॉक्टरला दाखवतात तशी.

"मी तर ऐकलं बुवा," मागून भाऊ कुजबुजला. "पोटातून बोलता येतं का हो यांना?"

काही वेळाने पुन्हा तेच झालं. "मेलीस का तिथेच? पळ!" तोच घोगरेपणा, तीच हॅ. या वेळी मी त्यांच्या ओठांकडेच बघत होतो. ओठ हलले नव्हते. पण मी सांगेपर्यंत कोचबाई आल्या होत्या आणि नियम म्हणजे नियम. कवळीवाले काही न बोलता वळले आणि फाटकातून बाहेर गेले. बोलायचीही चोरी होती. बोलले असते तर तो तिसरा आवाज धरला गेला असता.

फाटक लागलं. मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात मैदानावरून पुन्हा, स्पष्ट, भर उन्हात:

"लाज आहे का काही?"

आता कुणीच हसलं नाही. कोचबाई माझ्याजवळ आल्या. "ते बाहेरच आहेत ना? बघून या."

कवळीवाले भिंतीपलीकडे आपल्या स्कूटरवर बसले होते. दोन्ही तळहात तोंडावर दाबलेले. मला बघून त्यांनी हात काढले. ओठांभोवती बोटांचे पांढरे वळ उठले होते.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"माझा आवाज आहे तो. पण मी नाही हो."

भिंतीत एका विटेची जागा रिकामी होती. आम्ही दोघांनी आळीपाळीने त्यातून आत पाहिलं. चेंडू बाहेर गेला होता आणि बाकीच्या मुली पाणी पीत होत्या. टाचणी एकटी उभी होती, मान खाली घालून. मुठीने ती स्वतःच्या मांडीवर मारत होती. ओठ हलत होते. त्या काडीएवढ्या पोरीच्या गळ्यातून एका पन्नाशीच्या माणसाचा आवाज येत होता. "अगं मेलीस का? पळ. पळ ना." शेवटी तिचे खांदे उडाले आणि ते कोरडं हसू आलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. फक्त आवाज हसला.

माझी पुतणी पाण्याची बाटली घेऊन भिंतीजवळ आली होती. मी विटेच्या भोकातून तिला हाक मारली.

"काय गं, ही अशी कधीपासून बोलते?"

"कोण, टाचणी? नेहमीच," ती म्हणाली. "तुम्हाला आज ऐकू आलं होय? एरवी तिचे बाबा त्याच वेळी ओरडतात ना, म्हणून कळत नसेल."

"आणि तुम्हाला काही वाटत नाही?"

"काय वाटायचं? सगळ्याच बोलतात, काका. तिचं जरा मोठं आहे एवढंच." आणि ती गोलकडे पळाली.

कवळीवाले भिंतीला टेकून खाली बसले. मग ते अगदी हळू म्हणाले, मला नेहमीप्रमाणे झुकावं लागलं, "ती तिकडे वसतिगृहात जाईल. मी इथे राहीन. आणि हा तिच्याबरोबर जाईल."

ते उठले आणि फाटक ढकलून आत गेले. मी मागोमाग. पंचाने खेळ थांबवला होता. दोरीजवळ कोचबाई आणि अकादमीचे निवडकर्ते उभे होते. निवडकर्ते म्हणजे स्वच्छ बुटांचे, हसतमुख गृहस्थ.

"अहो बाई, पालकाचा आवाज नाहीच तो," ते सांगत होते. "मी मघापासून बघतोय, ती मुलगीच बोलते. स्वतःला स्वतःच हाकते. आम्हाला हेच हवं असतं. बाकीच्यांना हे शिकवायला आमची वर्षं जातात. ही तयार आहे. आमच्या बाजूने नक्की समजा."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला कान लावून बसलेला माणूस तिथे चार हातांवर उभा होता. टाचणीही ऐकत होती. तिने बापाकडे पाहिलं.

"आवाज माझा होता," कवळीवाले म्हणाले.

निवडकर्ते हसले. "तुम्ही तर बाहेर होतात."

"बाहेर होतो. तरी आवाज माझाच आहे. बाई, तिसऱ्यांदा काय ठरलं होतं? घ्या तिला बाहेर."

"अहो, समजतंय का तुम्हाला काय बोलताय?" कोचबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते तिला घेतायत."

"म्हणूनच म्हणतोय."

कोचबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्याजवळ होतात ना? हे ओरडले?"

विचारलं ते एक होतं आणि खरं होतं ते दुसरंच. मी म्हणालो, "आवाज त्यांचाच आहे, बाई."

टाचणी बाहेर आली. रडली नाही, वाद घातला नाही. निवडकर्त्यांनी खांदे उडवले आणि दुसऱ्या संघातल्या एका उंच मुलीकडे बघू लागले. बाप-लेक फाटकाकडे निघाले. स्कूटरला किक मारण्याआधी ते तिच्यासमोर वाकले, हेल्मेटचा पट्टा लावायला. तिने काहीतरी विचारलं. त्यांनी कान पुढे केला, पुन्हा विचारायला लावलं आणि मान हलवली. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यशाळेत गेलो. टेबलाजवळचा मैदानाचा फोटो तसाच होता. मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. तोवर हा आवाज घासून काढता येतो का बघतो." हातात कुणाचीतरी खालची कवळी होती. त्यांनी ती उजेडात धरली, बारीक कानशीने एक फेर दिला आणि पुन्हा धरली.

दोरी त्यानंतर कायमची राहिली. गोळ्याही राहिल्या, खर्च क्लबच्या खजिन्यातून. बरेच रविवार तो आवाज येत राहिला. तो आला की कवळीवाले डोळे मिटायचे, जणू कुणी त्यांच्याच पाठीत गुद्दा घातला. पण ते यायचे. दोरी धरून, गालात गोळी ठेवून, शेवटपर्यंत उभे राहायचे.

मग एकदा अगदी दोरीसमोर टाचणीचा पास चुकला. तिची मूठ मांडीकडे गेली. तोंड उघडलं. कवळीवाले पुढे झुकले आणि त्यांच्याबरोबर आमची अख्खी रांग झुकली.

"चुकलं," ती म्हणाली.

पातळ, किंचित नाकातला आवाज. कोण बोललं ते बघायला मी इकडेतिकडे मान वळवली, तेव्हा लक्षात आलं की मैदानावर हिचा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता. कवळीवाल्यांनीही नसावा. ते दोरी सोडून नुसते उभे होते.

चेंडू पलीकडे गेला. मैदान पुन्हा शांत झालं. आणि त्या शांततेत गोलजवळून, अगदी स्पष्ट, माझ्या धाकट्या भावाचा आवाज आला.

"डोळे! डोळे कुठायत तुझे?"

भाऊ माझ्या शेजारी उभा होता. त्याने गालातली गोळी काढून तळहातावर घेतली आणि माझ्यासमोर धरली.

"मी नाही हं, दादा," तो म्हणाला.