पांढऱ्या शर्टांना हळदीकुंकू

आधी कप खाली ठेवा, न्हाईतर हसताना चहा अंगावर सांडंल. मी घातला तसला घोळ अख्ख्या दिघीत कुणी घातला नसंल, हे छातीठोक सांगते!

आमच्या घरामागं मोठ्या बिल्डिंगचं काम चाललंय. तिथल्या मजुरांची पोरं जवळच्याच शाळेत जातात. झेंडावंदनाला सगळ्यांनी पांढरा शर्ट घालायचा, असा शाळेचा हुकूम. ह्या लेकरांकडं कुठला आलाय पांढरा शर्ट? मग आमच्या महिला मंडळानं दारोदार फिरून वर्गणी काढली, नवेकोरे शर्ट आणले.

मंडळाची अध्यक्ष माझी सून, शोभा. तिचं एकच म्हणणं, "पोरं रांगेत चारचौघांसारखी दिसली पाहिजेत. ही वाटपाची पोरं, असं कुणाला कळता कामा नये."

लाखाचं बोलली. मला पटलंच की!

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी शोभा चाकणला कंपनीत निघाली. दारातनं म्हणाली, "आत्या, गठ्ठ्याला हात लावू नका हां. संध्याकाळी वाटायचेत."

"मी कशाला लावतीय?"

आता तुमीच सांगा. लेकरू नवं कापड अंगात घालणार, अन् त्याला हळदीकुंकवाचं बोट न्हाई? आमच्यात रुमाल आणला तरी आधी बोट लागतं! मजुराचं लेकरू म्हणून काय त्याचा मान कमी? बसले वाटी घेऊन. बोट आतल्या कोपऱ्याला लावायचं असतं, म्हाईत हाय मला! पण म्हटलं, कॉलरवर उठून दिसंल.

दिसलं! हळद जरा पातळ झालती. पार खिशापर्यंत ओघळली.

शेजारची कमल डोकावली. "अगं बया! मावशी, हे काय करून बसलात?"

"बघत काय उभी ऱ्हायलीस? साबण आण!"

साबण लावला, अन् हळद झाली लालभडक! आता साबणानं हळद लाल होती, हे मला म्हाईत नसंल व्हय? जल्मभर धुणं धुतलंय. पण घाईत डोकं जाग्यावर असतंय का? सगळे शर्ट असे दिसाय लागले, जणू पोरं डोकी फोडून आलीत.

"नीळ काढ," मी म्हटलं. "पांढरंशुभ्र निघतंय बघ."

कमल थेंब थेंब टाकाय लागली.

"अत्तर शिंपडतीस का गं? आण इकडं!" अन् मी बाटलीच उपडी केली.

डाग झाकले. पण शर्ट आभाळासारखे निळे!

शोभा आली, दोरीकडं बघून दारातच थांबली. "आत्या... चारचौघांसारखी म्हणाले होते मी." डोळ्यांत पाणी तिच्या. मी तिचा हात धरला.

"उद्या मी येते शाळेत. बाईंना सांगते, पोरांचा दोष न्हाई, हा माझा उद्योग."

सकाळी मैदानात सगळी शाळा पांढरी, अन् मधोमध आमची निळी रांग! मी बाईंना गाठलं, तोंड उघडणार, तेवढ्यात पाहुणे माइकवर बोलले, "ते निळ्या गणवेशातलं पथक पुढं घ्या!"

पथक!

पोरं छाती काढून पुढं गेली. असली पावलं टाकली, की पाहुण्यांनी उभं ऱ्हाऊन सलाम ठोकला. मी शोभाला कोपरानं ढोसलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हटलं तर कायबी नव्हतं मी.

घरी आल्यावर त्याच शाळेत जाणारी माझी नात भोकाड पसरून बसली. "त्यांनाच निळे शर्ट का? मला पण पथकात जायचंय!" दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या पोरांच्या चार आया दारात, हातात पांढरे शर्ट. "आजी, पोरं ऐकत न्हाईत हो. कसं करायचं सांगा."

मी पदर खोचला. "सोपं हाय. पहिल्यांदा हळद—"

शोभानं हळदीचा डबा उचलला अन् कपाटात घालून कुलूप लावलं, किल्लीबी लपवली.

आता आमटीला फोडणी द्यायची झाली, तर मला चाकणला फोन लावावा लागतो!