उत्तराचा पत्ता

मुलांनो, आज जुन्या फाउंटन पेनात शाई भरली आणि तिच्या वासाबरोबर परदेशातल्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमधली एक दुपार परत आली.

शेजाऱ्यांकडे कामाला असलेली नीलार माझ्या डायनिंग टेबलाशी बसली होती. तिच्या देशातल्या हुकूमशहाला स्वतःच्याच सैनिकांचा संशय येऊ लागला होता. बराकींतून माणसं नाहीशी होत होती, त्यात तिचा नवराही होता. तिथल्या लष्करी कार्यालयाकडे त्याची चौकशी करणारा अर्ज मी इंग्रजीत लिहून देत होते.

"आंटी, भावाचा पत्ता नको. तोही सैन्यात आहे."

"अगं, मग उत्तर कुठे पाठवतील? परदेशी पत्त्यावर तर नक्कीच नाही. पत्त्याशिवाय अर्ज अपुरा असतो."

"तुम्ही अगदी ऑफिसवाल्या, आंटी!" ती कसनुसं हसली आणि तिने पत्ता सांगितला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली पट्टीने रेघही मारली. तेव्हा त्या नीटनेटक्या कागदाचा मला अभिमान वाटला होता.

महिन्याभरात त्याच पत्त्यावरून भावालाही उचलून नेलं. दोघांपैकी कोणीच परतलं नाही.

नीलारने मला कधी दोष दिला नाही. फक्त पुढे कुठलाही फॉर्म भरायचा असला, की ती माझ्या दारावरून खालच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाकडे जायची.